मोरीतला ओढा

३ सप्टेंबर

बाबा,

सोबतच्या पुठ्ठ्याच्या पाकिटात एक मेमरी कार्ड आहे. ते वाकवू नका आणि चहाच्या कपाजवळ ठेवू नका. कॉम्प्युटरला लावलंत की पाण्याचा आवाज सुरू होईल. दचकू नका, गच्चीवरची टाकी फुटलेली नाही, तो आमचा ओढा आहे. त्या खळखळाटाच्या वर मधूनच काचेवर नख ओढल्यासारखं बारीक 'टिर्र' ऐकू येईल. तो आमचा बेडूक. तो ओरडला की कागदावर वेळ लिहायची आणि पुढे रेघ मारायची, एवढंच काम. नमुन्याला तुमच्या चिरंजिवांनी भरलेलं एक जुनं पान ठेवलंय. इतके दिवस हे तोच करायचा, पण सध्या त्याला खालच्या ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही. म्हणून तुमच्या गळ्यात घालतेय.

बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा असतो. डोंगरातल्या वाहत्या पाण्यातच राहतो, डबक्यात त्याचं जमत नाही. नर ओल्या दगडावर बसून ओरडतो, पण ओढ्याचा आवाज एवढा की पलीकडच्या दगडावर ते पोचेल याचा भरवसा नाही. मग तो मागचा एक पाय लांब करतो, बोटं फाकवतो आणि मधली पांढरी कातडी दाखवतो. रस्त्याच्या पलीकडे ओळखीचं कोणी दिसलं की आपण हात करतो ना, तसंच, फक्त पायाने.

आता कामाचं. वरच्या ओढ्याचं पाणी पाइपातून खाली न्यायचं चाललंय. तिथे हा बेडूक नांदतोय असं मी वर्षअखेरीपर्यंत दाखवलं, तर पाइप दुसरीकडून जाईल. नाही दाखवलं तर ओढा पाइपात आणि दगड कोरडे. मी ओढ्यावर फिरू की बसून कार्डं ऐकू, एकटीला दोन्ही झेपत नाही. उभा जन्म तुम्ही आवाजावरून लिफ्टचे आजार ओळखलेत, तेव्हा सगळी भिस्त तुमच्या कानांवर आहे.

आम्ही दोघं मजेत आहोत. इथे फोनला रेंज नाही हे तुम्हाला माहीतच आहे. टपालाची गाडी आठवड्यातून एकदा पुलापर्यंत येते. लिहा नक्की. दुसरं कोणी लिहीत नाही.

तुमची सून


१५ सप्टेंबर

सूनबाई,

कार्ड पोचलं. वाकलं नाही, चहा त्याच्यापासून वीतभर लांब ठेवला होता.

बेडूक ऐकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. बंद दाराबाहेर उभं राहून मी सांगायचो, कुठलं चाक घासतंय आणि कुठली दोरी ओरडतेय. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसलो, कानांनी नाही. पान भरून पाठवलंय. बेडूक बरेच आहेत, काळजी नको.

त्यांच्या पायाचं वाचून हसू आलं. मशीनरूममध्ये मोटर सुरू झाली की शेजारच्याने हासडलेली शिवीसुद्धा ऐकू यायची नाही. आम्हीही हातानेच बोलायचो. मूठ म्हणजे थांब. बोट खाली म्हणजे सावकाश सोड. उघडा पंजा म्हणजे मी इथे आहे, सगळं ठीक आहे. पंजा दिसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, मग साहेब का ओरडेना. तेव्हा तुझ्या बेडकाला आमच्या खात्यात सहज नोकरी मिळाली असती.

कार्डाच्या सुरुवातीला आणि शेवटी तुझे बूट ऐकले. डाव्याचा तळ सुटत आलाय, चिकटवून घे, नाहीतर एक दिवस ओढ्यात तोंडघशी पडशील. चिरंजिवांचे बूट काही ऐकू आले नाहीत. तो पाय घासत चालतो, तुझ्या सासूने त्यासाठी त्याला किती बोलून घेतलं होतं. त्याला म्हणावं, बापाला दोन ओळी लिहिल्याने हात झडत नाहीत.

पुढचं कार्ड लवकर धाड. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. जिन्यातली लिफ्ट माझ्यापेक्षा बरी, दिवसभर कुठेतरी जाऊन तरी येते.

त्याला आशीर्वाद. तुलाही.

बाबा


२९ सप्टेंबर

बाबा,

बूट चिकटवला. तुम्ही पाचव्या मजल्यावर बसून माझ्या बुटाचा तळ बघितलात, आता मला चोरून काही खाताही यायचं नाही.

तुमचे चिरंजीव त्या दिवशी अनवाणी होते. दगडांवर शेवाळ असतं, बुटाने पाय सरकतो, म्हणून हल्ली तो अनवाणीच हिंडतो. म्हणून तुम्हाला ऐकू आला नाही.

तुमचं पान बघून मी उडालेच. वरच्या ओढ्यात मला स्वतःला जेमतेम दोन-तीन बेडूक दिसले होते. मला वाटायचं, तिथलं संपत आलंय. तुमच्या रेघा बघितल्या आणि गाडीवाल्याला हाक मारून थांबवलं, त्याच्याच हाती ऑफिसला कळवून टाकलं. प्रमुखबाई कधी खूश होत नाहीत, पण या वेळी होतील असं वाटतंय.

इथलं काय सांगू? तीन खोल्या. एकीत बाटल्या आणि जाळी, एकीत स्वयंपाक, एकीत आम्ही. कपडे वाळत नाहीत, तेच ओलसर अंगावर वाळवायचे. मीठ डब्यात दगड होऊन बसलंय. या बेडकांची पिल्लं काय करतात माहितेय? ओढ्याच्या तळाशी वाळूत स्वतःला गाडून घेतात. वरून पाणी धो धो वाहत असतं आणि ती खाली अंधारात, मोठी होईपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. पूर्वी मला त्यांची कीव यायची. हल्ली वाटतं, शहाणी आहेत.

संध्याकाळी पाण्याचा तोच तो आवाज ऐकून असं होतं की कोणीतरी माणसासारखं बोलावं. मग मी भांड्यांशी बोलते. तो हसतो मला.

दुसरं कार्ड ठेवलंय. लिहा.

तुमची सून


११ ऑक्टोबर

सूनबाई,

अनवाणी? तो? हा मुलगा लहानपणी न्हाणीघरातसुद्धा चपला घालून जायचा. ठीक आहे, माणूस बदलतो.

परवा त्याचा फोन आला होता. ओढ्यावरूनच बोलतोय म्हणाला, तू पाणी मोजतेयस म्हणाला. बरं वाटलं.

पान भरलंय. बेडूक जोरात आहेत. या वेळी तू एका दगडावर बसताना 'आई गं' म्हणालीस. कंबर धरलीय का? वाकून उचलत जाऊ नकोस, गुडघ्यात बसून उचल. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

इकडे शेजारीण भांडून गेली. म्हणे बेल वाजवून वाजवून बोट दुखलं, शेवटी दार बडवलं तेव्हा उघडलंत. मी म्हटलं, बाई, बेल बिघडली असेल. ती म्हणाली, बाहेर तर वाजतेय. बायकांशी कोण वाद घालणार. बेल बदलून घेईन.

तुझ्या कार्डांचं मला बरं पडलंय. सकाळी उठून करण्यासारखं काही आहे. पूर्वी पेपर वाचून झाला की दिवस संपायचा, तेव्हा साडेनऊसुद्धा वाजलेले नसायचे. आता कानाला हेडफोन लावून बसतो, शेजारीण बेल वाजवून थकते आणि वाटतं की तुम्ही दोघं पलीकडच्या खोलीत कामात आहात.

त्याला आशीर्वाद. भांड्यांनाही.

बाबा


२० ऑक्टोबर

बाबा,

थोडक्यात लिहितेय. ताप येऊन गेला, आता उतरलाय. तुमच्या चिरंजिवांनी सगळं केलं, पेज दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तुम्ही काळजी करू नका. फोनसाठी तो टेकडीवर चढून जातो, तिथे कधीतरी रेंज सापडते.

नवा माइक आलाय, आधीच्यात पाणी गेलं होतं. हे वरच्या ओढ्याचं कार्ड. ऑफिसला पक्का आकडा हवाय, तेव्हा हे नीट ऐका. गाडी आली, बंद करते.

तुमची सून


२ नोव्हेंबर

सूनबाई,

कार्ड ऐकलं. पान भरलंय. बेडूक भरपूर आहेत.

तापाला हलक्यावर घेऊ नकोस. पाणी उकळून पी. केस ओले ठेवून निजू नकोस. दाराला आतून कडी लावत जा. ओढ्यावर जाताना टपालाच्या गाडीवाल्याला सांगून ठेव, म्हणजे एखाद्या आठवड्यात तू पुलावर आली नाहीस तर तो वर चौकशीला येईल. संकोच करू नकोस. असं सांगून ठेवण्यात काही कमीपणा नसतो.

लोकरीचे मोजे पाठवतोय. एक जोडी आहे. दुकानदार दोन घ्या म्हणत होता, स्वस्त पडतील म्हणाला. मी एकच घेतली.

माझं उत्तम चाललंय. पोटभर जेवतो. तू जेवतेस का?

बाबा


१४ नोव्हेंबर

बाबा,

आज पेटी आवरताना वरच्या ओढ्याचं कार्ड सापडलं. ते इथेच होतं. तापाच्या भरात मी तुम्हाला चुकीचं कार्ड पाठवलं. तुमच्याकडे गेलं ते नव्या माइकच्या चाचणीचं. मोरीत बादलीत नळ सोडून ठेवला होता आणि माइक खिडकीत टांगला होता. बाबा, आमच्या मोरीत बेडूक नाही. झुरळसुद्धा नाही, त्यालाही इथली थंडी सोसत नाही. आणि तुम्ही पान भरून रेघा मारल्यात.

मग मी तुमची सगळी पानं नमुन्याच्या पानाशेजारी मांडली. त्याच्या रेघा जशा, तशाच तुमच्या. थोड्या इकडे, थोड्या तिकडे. बाकी तेच.

राग आला. खोटं कशाला सांगू, खूप आला. त्या रेघांवर मी ऑफिसला कळवलं होतं. वर्षभर या ओल्या खोल्यांत मी कशासाठी कुजतेय, तर कोणीतरी म्हणावं की हो, ते आहेत. आणि तुम्ही मला घरबसल्या नळाचे बेडूक काढून दिलेत. मी दार आपटून बाहेर जाऊन बसले.

बाहेर बसल्यावर आठवलं की त्या कार्डात आणखी काय आहे. मी बोलत होते. अंगात ताप होता, बादली भरत होती आणि तुम्हाला पत्रात काय लिहायचं त्याची मी मोठ्याने तालीम करत होते. शब्दन् शब्द आठवतोय. "बाबा, तो मार्चमध्येच गेला. आधी त्याला इथला ओलावा सोसेना, मग मी सोसेना. परत येणार नाही म्हणालाय. तुम्हाला सांगायला हवं, पण सांगितलं की तुम्ही त्याचे बाबा व्हाल, आणि मग माझे कोण उरणार?" त्यानंतर नळ बंद केला आणि रडले. तेही आत असणार.

तुमचं पत्र परत काढून वाचलं. एकच जोडी मोजे. आणि त्याला आशीर्वाद नाही. पहिल्यांदाच नाही.

ऑफिसला कळवलंय की त्या रेघा धरू नका. तुमचं नाव घेतलं नाही, कार्डांची गल्लत झाली असं लिहिलं. प्रमुखबाई विचारतीलच, मग आता काय दाखवणार?

माझं सगळं तुम्हाला कळलंय आणि तुमचं मला. कार्डं पाठवण्यात आता अर्थ नाही. सूनबाई म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.


२६ नोव्हेंबर

सूनबाई,

ठरवलं. वर लिहिलंय, बघ.

आता क्रमाने सांगतो. गुडघे ठणठणीत आहेत. कान गेलेत. सगळे नाही, वरचे वरचे. मशीनरूमने थोडे थोडे करून नेले. माणसाचं बोलणं ऐकू येतं, पावलं ऐकू येतात, दार लागल्याचा धप्प ऐकू येतो. बारीक आवाज येत नाहीत. एकदा लिफ्टची धोक्याची घंटा वाजत होती आणि मी खाली उभा राहून शांतपणे डबा खात होतो. आत अडकलेली बाई धडधाकट बाहेर आली, पण मी त्याच दिवशी किल्ल्या ठेवल्या. सगळ्यांना गुडघे सांगितले. बेल नवी आणलीय, तीही ऐकू येत नाही.

तुझी कार्डं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बेडूक एकही ऐकला नाही. नुसतं पाणी, आणि पाण्यात कुठेतरी तू. बूट, खोकला, 'आई गं', एकदा तू कुठलंतरी गाणं अर्धंच म्हणून सोडून दिलंस. पान कोरं पाठवलं असतं तर तू पुढचं कार्ड कशाला पाठवशील? म्हणून रेघा मारल्या. याने तुझ्या बेडकांचा घात होईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. मी बाजूला सारलं. तुझा राग बरोबर आहे, तो ठेव.

चिरंजिवांचं मला पहिल्या कार्डापासून कळलं होतं. एकाच माणसाची पावलं, एकच कप ठेवल्याचा आवाज. मग त्याचा फोन आला, ओढ्यावरून बोलतोय म्हणाला आणि मागे लिफ्टचं दार उघडलं. खोटं बोलायचं तर आपला बाप कोण आहे हे तरी आठवायचं. दार नीट लागत नाही तिथलं, खालची पट्टी झिजलीय. मी त्याला काही बोललो नाही. तुलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मग आपण दोघांनी एकमेकांना काय म्हणून लिहायचं? मोरीतलं तू बोललीस ते मी चार वेळा ऐकलं. उत्तर एकदाही लिहिता आलं नाही. मोजे घेऊन आलो.

आता लिहितो. त्याचा बाप आहे, त्याचा राजीनामा देता येत नाही. तोही बोलेल कधीतरी, तेव्हा ऐकून घेईन. पण जाताना त्याने स्वतःचे कपडे नेले असतील. तुझं-माझं नातं काही त्याच्या बॅगेत घालून नेलेलं नाही.

आणि प्रमुखबाईंना सांग, वर्ष अजून संपलेलं नाही. माझे डोळे चांगले आहेत. पाचव्या मजल्यावरून खालच्या फळवाल्याची पाटी वाचतो. तुझा बेडूक पाय दाखवतो ना? मग त्याला ऐकायची काय गरज आहे? तो पाय दाखवतो ते माझ्यासारख्यांसाठीच. दगडावर बसायला सांग, बसतो. किल्ली शेजारणीकडे देईन, बेल वाजवून तिचं बोट तरी दुखायचं नाही.

तू बोलावशील तर.

बाबा


७ डिसेंबर

बाबा,

राग ठेवलाय. आल्यावर भांडेन, तयारीत या.

परवा वरच्या ओढ्यावर गेले. माइक नेला नाही. उन्हं वर येईपर्यंत एका जागी बसले, तुमच्या मोज्यांत. खूप वेळ काही दिसलं नाही. मग पाण्याच्या मधोमध एका दगडावर पांढरं काहीतरी चमकलं. बेडूक होता. एकच. पाय लांब करायचा, बोटं फाकवायचा, आत घ्यायचा, परत लांब करायचा. त्याच्यासमोरचे दगड मी एकेक करून बघितले. कोणी नव्हतं. कोणासाठी करतोय, मला कळेना. तरी तो करतच होता आणि मला तिथून उठवेना.

एकाने ऑफिसचं समाधान होत नाही. प्रमुखबाईंनी वर्षअखेरीपर्यंत थांबायचं कबूल केलंय, त्यापुढे नाही. आणि त्या ओढ्यावर एका माणसाने मोजणं खरं नव्हे, पलीकडचे दगड दिसतच नाहीत. दोन माणसं लागतात, एक या काठावर, एक पलीकडे. सापडतील की नाही ते मी सांगू शकत नाही. कदाचित तो एकच असेल. पण मोजू तेव्हा खरं मोजू.

तुमच्यासाठी बाटल्यांची खोली रिकामी केलीय. बाटल्या आता माझ्या पलंगाखाली आहेत. जाड पांघरूण आणा. मीठ आणा, इथलं फोडायला हातोडी लागते. जेवण मीच करेन, पण चवीबद्दल बोलायचं नाही.

टपालाची गाडी पुलाच्या अलीकडेच थांबते, पूल तिला पेलत नाही. तिथून चालत यायचं. मी पलीकडच्या टोकाला असेन. पुलाखाली ओढा इतका गर्जतो की हाक मारू नका, तुम्ही मारलीत तर मला ऐकू येणार नाही आणि मी मारली तर तुम्हाला. गाडीतून उतरलात की बॅग खाली ठेवा आणि पंजा दाखवा. तो दिसल्याशिवाय मी जागची हलणार नाही.

तुमची सून